पंखा थांबेपर्यंत

नाना महाजनांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. माणूस वारला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. गेल्या थंडीत नाना नाशिकला लेकीच्या घरी वारले, आणि आमच्या बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात त्यांना समोरून येताना पाहून जे गल्ली बदलायचे, तेच आता ‘देवमाणूस होता हो’ म्हणून माना डोलावतात. देवमाणूस वगैरे काही नव्हते. अत्यंत कटकटे होते. फक्त त्यांची कटकट खरी होती, आणि ते माहीत असूनही मी जे वागलो ते मला अजून पचलेलं नाही.

माझा धंदा मंडपाचा. लग्न, भागवत, सभा, काहीही असो, खांबाच्या बल्ल्या आणि कापडी कनाती माझ्या. गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक नवीन काम शिरलं, ते म्हणजे हेलिपॅड. निवडणूक आली की पुढारी हेलिकॉप्टरने उतरतात. त्यांचं पाहून आता मोठ्या बागा असलेल्या केळीवाल्यांची पोरंही नवरदेव होऊन आकाशातूनच उतरायला लागली आहेत. आमचं काम म्हणजे मैदान सपाट करून पाणी मारायचं, चुन्याने मोठा गोल काढून मध्ये इंग्रजी एच काढायचा आणि भोवती दोर बांधायचा. आम्हाला वाटायचं, झालं हेलिपॅड.

पहिल्यांदा नाना मला भेटले ते जैनाबादला, तापीच्या पलीकडे. कोणी मोठे पुढारी येणार होते. मी चुन्याच्या गोलापर्यंत लाल गालिचा अंथरला होता आणि त्यावर थर्माकोल-फुग्यांची कमान उभी केली होती. माझ्या मते ती कमान फार सुंदर होती. हेलिकॉप्टर यायला अर्धा तास असताना एक उंच, वाळका, बोडक्या डोक्याचा म्हातारा दोराखालून आत आला आणि सरळ वाकून गालिचा गुंडाळायला लागला.

मी धावत गेलो. “ओ काका, हे काय चाललंय?”

“गालिचा कोणाचा?” त्यांनी विचारलं. आवाज एवढा मोठा, की मला वाटलं भांडायलाच आले आहेत. त्यांचा डावा कान कामातून गेला होता, हे पुढे कळलं.

“माझा.”

“मग उचल. आणि ती कमान पण काढ. वरचा पंखा हे सगळं उचलेल आणि स्वतःतच ओढून घेईल. मग तुझा पुढारी खाली कसा येईल ते मी नाही सांगू शकत.”

माझा एक कारागीर हसून म्हणाला, “कुछ नहीं होता, काका.”

नाना गालिचा सोडून उभे राहिले आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, की त्याने उगाचच हातातली हातोडी खाली ठेवली. पण आम्ही काही ऐकलं नाही. त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. मग हेलिकॉप्टर आलं. अजून जमिनीपासून चांगलं वर होतं तेव्हाच माझी कमान उठली, दोन कोलांट्या खाऊन पोलिसांच्या जीपवर जाऊन बसली, आणि गालिच्याचं टोक फडाफडा वर व्हायला लागलं. तेव्हा चौघं जण पोटावर आडवे होऊन त्या गालिच्यावर पडून राहिले. त्यांतला एक मी होतो. दुसरे नाना होते. ते पुन्हा आत केव्हा शिरले, कोणालाच कळलं नाही.

डोळ्यांतली माती पुशीत मी त्यांना विचारलं, “तुम्ही विमान चालवायचे का?”

“मी विमान चालवलं नाही. विमानाखाली उभा राहिलो. तीस वर्षं.”

मुंबईच्या विमानतळावर नाना जमिनीवरच्या कामगारांत होते. विमान जागेवर आणून उभं करायचं, चाकांना ठोकळे लावायचे, सामान उतरलं-चढलं की ठोकळे काढायचे आणि त्याला निरोप द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते बुऱ्हाणपूरला परतले तेव्हा गावाने त्यांना ‘विमानवाले नाना’ केलं आणि पोरांनी समज करून घेतला की हे वैमानिक होते. नानांनी ही चूक दर वेळी, दर पोराकडे, न कंटाळता दुरुस्त केली. लोकांचा विरस झाला तर झाला.

इतकी वर्षं चालू इंजिनांच्या आसपास काढल्यावर माणसाचं काय होतं, ते नानांकडे पाहून कळायचं. रस्त्याने चालताना त्यांची नजर जमिनीवर. खिळा, तारेचा तुकडा, बाटलीचं झाकण, नट, जे दिसेल ते वाकून उचलायचे आणि खिशात टाकायचे. विमानतळावर म्हणे सकाळी सगळे जण ओळीने चालून असंच वेचतात, कारण इंजिन एवढासा खिळाही ओढून घेतं. इथे आमच्या गल्लीत कुठलं इंजिन? पण नाना वेचायचे. बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावर ही सवय असणं म्हणजे समुद्र चमच्याने उपसणं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, धुणं धुताना खिसे उलटे करून कपाळाला हात लावायच्या. “नवऱ्याचे खिसे झाडले का भंगारवाल्याचं दुकान निंघते,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

गल्लीच्या टोकाला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. तिथे बाया गळ्यात ओढणी टाकून यंत्राच्या फिरत्या पट्ट्याच्या जवळ बसायच्या. नाना तिथे जाऊन दम द्यायचे: ओढणी खोच, नाहीतर काढून ठेव. लूमवाल्याने एक-दोनदा चहा पाजला, मग ‘नाना, तुम्ही बाहेरच बरे’ असं सांगितलं. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अपमान झाला की माणूस चार दिवस येत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना कधी समजली नाही. लग्नाच्या पंगतीत जनरेटरशेजारी पान मांडलेलं दिसलं की ते यजमानाला शोधून काढायचे. त्यामुळे लोक त्यांना आमंत्रण द्यायचे, पण ते आले की जेवायला लगेच बसवायचे, म्हणजे लवकर जातील.

कमानीच्या प्रकरणानंतर माझे डोळे उघडले आणि प्रत्येक हेलिपॅडच्या कामाला मी त्यांना नेऊ लागलो. पैशाचं नाव काढू दिलं नाही त्यांनी. फक्त एक अट होती. हेलिकॉप्टर यायच्या आधी, दोराच्या आत ज्याचं ज्याचं काम आहे त्या सगळ्यांना एका जागी उभं करायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. हार घालणारे, फोटोवाला, पोलीस, ओवाळणाऱ्या बाया, सगळे. आमची पोरं याला ‘नानांची कथा’ म्हणायची. कथा दहा मिनिटांची असायची आणि दर वेळी तीच.

“वरचा पंखा दिसतो, त्याची भीती वाटते, म्हणून त्याने माणूस कमी मरतो. तरी ध्यानात ठेवा, थांबता थांबता त्याची पाती खाली लवतात, तेव्हा आवाज कमी झाला म्हणून धावू नका. खरा बदमाश मागे आहे. शेपटीचा पंखा. तो फिरायला लागला की दिसतच नाही. तिथे काही नाही असं वाटतं. म्हणून शेपटीकडे जायचं नाही. काय करायचं नाही?”

“शेपटीकडे जायचं नाही,” लोक तोंडं वाकडी करून म्हणायचे.

“पंखा थांबला नाही तर?”

“आपण थांबायचं.”

आणि मग ते एकेकाला वेगळं विचारायचे. शाळेत तपासणी अधिकारी विचारतात तसं. एकदा एका फौजदारालाच त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, कारण तो फोनवर बोलत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी चिडून म्हणालो, “नाना, एकदा सांगितलं ना, झालं. माणसं काय लहान आहेत? आणि नाहीच ऐकलं कोणी, तर त्या वेळी ओरडता येतंच की.”

आम्ही टेम्पोत पुढे बसलो होतो. मग त्यांनी दिनकरची गोष्ट सांगितली. मला एकदाच सांगितली. काकूंनाही ती धड माहीत नव्हती, हे मला पुढे समजलं.

दिनकर त्यांच्या टोळीत नवीन होता. लहान विमान होतं, पुढे पंखे असलेलं. एका बाजूचं इंजिन बंद झालं होतं, दुसरं चालू होतं. दिनकरच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि तो तिच्या मागे चालू पंख्याकडे धावला. बस्स. टोपी उडाली की माणूस धावतोच; त्यात विचार कुठे असतो?

“मी वीस पावलांवर होतो,” नाना म्हणाले. “ओरडलो. इतका ओरडलो की घशातून रक्त आलं. पण चालू इंजिनापुढे ओरडून काय होते रे? माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्या दिवशी सकाळी मी त्याला टोपीचं सांगणार होतो. उशीर झाला होता, म्हटलं नंतर सांगू.” मग ते म्हणाले, “सांगायचं ते इंजिन बंद असताना सांगायचं. चालू झाल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.”

त्यानंतर बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यातही त्यांच्या डोक्यावर टोपी किंवा गमछा का नसतो, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या कथेच्या वेळी पोरं हसायची तेव्हा मात्र मी त्यांना गप्प करायचो. निदान काही महिने तरी केलं.

कारण चांगली आठवण पुरत नाही, रोजच्या कटकटीपुढे ती झिजते. आणि नानांच्या कामात एक मोठीच गोची होती. ते यशस्वी झाले की काहीच घडायचं नाही. मंडप पडला नाही तर लोक म्हणतात मंडप छान होता. पण कोणी मेलं नाही तर कोण म्हणतं, वा, आज कोणी मेलं नाही? लोक म्हणायचे, इतक्यांदा हेलिकॉप्टर आलं, काही झालं का? नाही ना? मग हा म्हातारा उगाच कशाला रंगाचा बेरंग करतो? नाना म्हणायचे, “झालं नाही ते मी थांबवलं म्हणून.” यावर लोक हसायचे, आणि हसणं फार सोपं असतं.

मग तो हाराचा प्रकार झाला. निवडणुकीचे दिवस होते. आमच्या एका स्थानिक पुढाऱ्याला पाहुण्यांच्या गळ्यात पहिला हार घालायचा होता. केळीच्या लोंगराएवढा, म्हणजे अख्ख्या घडाएवढा, जाड हार. हेलिकॉप्टर टेकलं तसा तो निघाला. नाना दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभे. तो डावीकडे सरकला की नाना डावीकडे, तो उजवीकडे की नाना उजवीकडे. तो आरडाओरडा करत होता, आणि नानांना एक तर ऐकू येत नव्हतं आणि आलं असतं तरी फरक पडला नसता. तोवर पाहुणे दुसऱ्या बाजूने उतरले, त्यांना विरुद्ध गटाच्या माणसाने हार घातला आणि ते गाडीत बसून गेलेही. आमचा पुढारी हार हातात घेऊन तसाच उभा राहिला. फोटो निघाला तो तसाच.

संध्याकाळी त्याने मला बोलावलं. “तो म्हातारा आता कुठं दिसला, तर मंडप दुसऱ्याचा लागेल. समझ गए ना?”

मला समजलं. मी नानांना काही बोललो नाही. फक्त पुढच्या कामाला बोलावलं नाही, आणि त्याच्या पुढच्यालाही नाही. नाना घरी येऊन विचारायचे, “काय रे, काही काम नाही का सध्या?” मी म्हणायचो, “नाना, सीझन मंदा आहे.” शेवटी इच्छापूरच्या लग्नाची गोष्ट त्यांना बाहेरून कळलीच. मोठ्या केळीवाल्याच्या, रमेशभाऊंच्या मुलीचं लग्न, नवरदेव हेलिकॉप्टरने येणार, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं.

लग्नाआधी आठ दिवसांत नाना चार वेळा माझ्याकडे आले. मी म्हणालो, “कंपनीचा माणूस येणार आहे नाना, तो सगळं बघेल. तुम्ही आराम करा.”

“कंपनीचा माणूस नवरदेवाला बघेल. बायांना कोण सांगेल?”

“मी सांगतो ना.”

“शेपटीचं सांगशील?”

“सांगतो.”

“एकेकीला विचारून घेशील?”

“अहो हो, नाना!” मी वैतागून म्हणालो. ते उठून गेले. चौथ्या वेळी आले, तेव्हा मी घरात असून घरात नाही असं बायकोला सांगायला लावलं.

लग्नाच्या दिवशी केळी काढून सपाट केलेल्या शेतात मी पाणी मारलं, गोल काढला, दोर बांधला. हे सगळं चोख केलं. पण स्टेजवरच्या फुलांचा टेम्पो उशिरा आला, त्यात लाइटवाल्याशी भांडण झालं, आणि बायांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे आठवलं होतं. म्हटलं, जाऊ दे, दोराबाहेरच तर उभ्या आहेत.

हेलिकॉप्टर उतरलं. वैमानिकाला लगेच परत जायचं होतं, म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं. कंपनीच्या माणसाने नवरदेवाचा हात धरून, मान खाली वाकवायला लावून त्याला पुढून बाहेर आणलं. सगळं व्यवस्थित झालं, आणि सगळी गर्दी नवरदेवाकडे वळली. मुलीची आत्या मात्र वळली नाही. कुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन ती दोराखालून आत गेली. आपल्याकडे नवीन ट्रॅक्टर आला तरी त्याच्याभोवती फेरा मारून दृष्ट काढतात, वरातीच्या घोडीलासुद्धा ओवाळतात. मग भाचीच्या नवऱ्याचं विमान तसंच कसं सोडायचं? तिने पुढून ओवाळलं. आतून वैमानिक दोन्ही हातांनी ‘जा जा’ म्हणत होता, तिने त्याला नमस्कार केला. आणि पदर डोक्यावर घट्ट ओढून, खाली मान घालून ती फेरा मारायला निघाली. शेपटीकडे.

मी स्टेजजवळ होतो. ओरडलो. शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

नाना कुठून आले ते मी पाहिलं नाही. सकाळच्या बसने येऊन ते मागच्या बाजूला, केळीच्या बागेच्या कडेला, दोराबाहेर उभे होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं. मला दिसला तो बोडक्या डोक्याचा, वाकून धावणारा सत्तरीचा माणूस. त्यांनी आत्याच्या कमरेला मिठी मारली आणि तिला घेऊन चिखलात आडवे झाले. ताट उडालं. शेपटी त्यांच्यापासून चार हातांवर होती, आणि तिथे खरंच काही नाही असंच दिसत होतं.

वैमानिकाने इंजिन बंद केलं. पण लोकांना तो पंखा दिसलाच नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की एका परक्या म्हाताऱ्याने घरच्या बाईला भर लग्नात मिठी मारून चिखलात पाडलं. तिचे दोन भाचे धावले आणि त्यांनी नानांना उठवून दोन कानफटात ठेवून दिल्या. एक त्यांच्या चांगल्या कानावर बसली.

रमेशभाऊ आले. “कोन हाय रे हा? कोनी बोलावलं याले?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मंडपवाले, तुमचा मानूस हाय का हा?”

मी म्हणालो, “नाही. पूर्वी यायचे कधीतरी.”

कंपनीचा माणूस धापा टाकत आला आणि त्याने हिंदीत सगळं समजावलं, हाताने शेपटी दाखवली. आता तिचा पंखा थांबत आला होता, त्यामुळे पाती दिसायला लागली होती. भाचे मागे सरकले. आत्या चिखलात बसून त्या पात्यांकडे बघत होती. मग तिला रडू फुटलं आणि ती सगळ्यांवर ओरडली, “अरे पन मले कोनी सांगलं असतं तं मी कशाले गेली असती तिकडं? सांगाचं तं होतं ना कोनीतरी!”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. रमेशभाऊही माझ्याकडे बघायला लागले होते, कारण दोराच्या आतलं काम माझं होतं. मग नानांनी आत्यासमोर हात जोडले.

“चुकलं ताई,” ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मीच सांगणार होतो तुम्हाला. माझंच राहून गेलं.”

आणि ते वळून रस्त्याकडे चालायला लागले, बुऱ्हाणपूरची बस धरायला. एक चप्पल चिखलात रुतून राहिली होती, ती घ्यायलाही थांबले नाहीत. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात रमेशभाऊंनी खूण केली आणि बँड सुरू झाला. आता हाक मारून ऐकू जाणार नव्हती, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.